सोनार ट्रान्सड्यूसरची नौकेवरील बसवणूक

हा लेख पाण्याची खोली मोजणाऱ्या ध्वनियंत्राविषयी आहे. दागिने घडविणाऱ्या कारागिरांविषयी माहितीसाठी 'सोनार' हा लेख पहा.

पाण्यात ध्वनिस्पंद सोडणाऱ्या आणि तळावरून परतलेला प्रतिध्वनी टिपणाऱ्या घटकास ट्रान्सड्यूसर म्हणतात. हा घटक नौकेच्या बुडाखाली, मागच्या फळीवर, बाजूच्या दांड्यावर किंवा बुडाच्या आतून नेमका कोठे बसवावा, याची निवड म्हणजे त्याची बसवणूक होय. खोलीमापकाचा पडदा, संगणक आणि आज्ञावली कितीही चांगल्या असल्या तरी ट्रान्सड्यूसर चुकीच्या जागी असेल तर मिळणारी खोली एक तर तुटक असते किंवा ठरावीक अंतराने चुकलेली असते. मासेमारी नौकेवर यामुळे फार तर जाळे वाया जाते. जलाशयाच्या सर्वेक्षणात मात्र हीच चूक पाणीसाठ्याच्या हिशेबात उतरते. सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयाचा उपयुक्त साठा पातळीच्या जेमतेम ६ मीटरच्या पट्ट्यात सामावलेला असल्यामुळे तेथे खोलीतील काही सेंटीमीटरच्या फरकासही महत्त्व येते.

कार्यतत्त्व

ट्रान्सड्यूसरमधील दाबविद्युत स्फटिक किंवा मृत्तिकेची चकती विद्युत स्पंदाने कंप पावते आणि तिच्यापासून निघालेला ध्वनी शंकूच्या आकारात खाली जातो. पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५०० मीटर असतो. १० मीटर खोल तळापर्यंत जाऊन परत यायला ध्वनीला सेकंदाचा सुमारे पंचाहत्तरावा भाग लागतो. हा वेळ मोजून त्याला वेगाने गुणायचे आणि निम्मे करायचे, की ट्रान्सड्यूसरच्या मुखापासून तळापर्यंतचे अंतर मिळते. हे अंतर पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजलेले नसते, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

लहान नौकांवरील यंत्रे बहुधा ५० आणि २०० किलोहर्ट्झ या वारंवारतांवर चालतात. वारंवारता जितकी जास्त तितका शंकू अरुंद ठेवता येतो आणि तपशील स्पष्ट दिसतो. कमी वारंवारतेचा ध्वनी अधिक खोल पोहोचतो आणि मऊ गाळात काही अंतर शिरतो. गाळाच्या सर्वेक्षणात म्हणूनच अनेकदा दोन वारंवारता एकाच वेळी वापरतात. उच्च वारंवारता गाळाचा वरचा थर दाखवते, तर निम्न वारंवारता त्याखालील घट्ट तळ.

दोरीला शिशाचे वजन बांधून वावांमध्ये खोली मोजण्याची रीत शतकानुशतके चालत आली होती. १९१२ मधील टायटॅनिकच्या अपघातानंतर पाण्यातील ध्वनिमापनाच्या प्रयत्नांना वेग आला. जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर बेम यांनी १९१३ मध्ये प्रतिध्वनी-खोलीमापकाचे पेटंट घेतले आणि फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात क्वार्ट्झ स्फटिकाचा ट्रान्सड्यूसर बनवला. १९२५ ते १९२७ दरम्यान 'मेटेऑर' या जर्मन नौकेने दक्षिण अटलांटिक महासागराचा तळ या पद्धतीने मोजला. मासे शोधण्यासाठी खास बनवलेले यंत्र जपानमधील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये बाजारात आणले.

बुडबुड्यांची अडचण

जागा निवडताना सर्वांत आधी हवेच्या बुडबुड्यांचा विचार करावा लागतो. ध्वनीच्या दृष्टीने पाणी आणि हवा यांच्यात इतका फरक आहे, की त्यांच्या सीमेवर ध्वनिऊर्जेचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग परावर्तित होतो. ट्रान्सड्यूसरच्या मुखाशी बुडबुड्यांचा पातळ थर आला तरी त्याच्यापुरता तो भिंतीसारखा असतो. नौका उभी असताना उत्तम चालणारे यंत्र वेग घेताच आंधळे होते, या नेहमीच्या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण सापडते. यंत्रात बिघाड समजून ते दुरुस्तीला पाठवले जाते आणि दोष नसल्याने तसेच परत येते.

बुडबुडे अनेक ठिकाणी तयार होतात. नाळेने पाणी कापताना हवा खाली ओढली जाते आणि बुडालगत मागे वाहत जाते. बुडावर पुढे कोठे खिळ्यांची रांग, पट्टी, जोड, पाणी खेचण्याचे छिद्र किंवा बाहेर आलेला बोल्ट असेल तर त्याच्या मागे भोवरे उठतात. इंजिन थंड करून बाहेर पडणारे पाणी हवामिश्रित असते. पंख्याजवळ, म्हणजे प्रोपेलरच्या पात्यांवर, दाब इतका कमी होतो की पाण्याचीच वाफ होऊन पोकळ्या तयार होतात. त्यामुळे जागा निवडण्यापूर्वी नौका नेहमीच्या वेगाने चालवून मागून व बाजूने प्रवाह पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. पांढरा फेस जेथून वाहतो ती रेषा टाळायची आणि काचेसारखे नितळ पाणी जेथून मागे जाते ती रेषा निवडायची.

मागील फळीवरील बसवणूक

बाहेरून लावलेले इंजिन असणाऱ्या लहान फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या होड्यांवर ट्रान्सड्यूसर मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, बसवतात. बुडाला भोक पाडावे लागत नाही आणि जागा चुकली तर बदलता येते, हे या पद्धतीचे मोठे सोयीचे अंग आहे. ट्रान्सड्यूसरचे मुख बुडाच्या रेषेच्या किंचित, काही मिलिमीटर, खाली यावे लागते. ते वर राहिले तर बुडामागच्या फेसात सापडते आणि फार खाली गेले तर स्वतःच पाणी उडवते व वाटेत आलेल्या वस्तूवर आदळते.

पंख्याची कोणती बाजू घ्यायची, याचाही नियम आहे. मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याची पाती उजव्या बाजूस वरून खाली उतरतात. त्या बाजूचे पाणी तुलनेने स्वच्छ राहते. डाव्या बाजूस पाती खालून वर येतात आणि बुडबुडे वर आणतात. म्हणून अशा इंजिनाच्या होडीवर ट्रान्सड्यूसर उजवीकडे आणि पंख्यापासून साधारण ४० सेंटीमीटर किंवा अधिक अंतरावर बसवतात. उलट दिशेने फिरणारा पंखा असल्यास बाजूही उलटते. दोन इंजिने असतील तर त्यांच्या मधली जागा सोयीची ठरते.

बुडातून आरपार बसवणूक

आत बसवलेल्या इंजिनाच्या मोठ्या नौकांचा पंखा बुडाखाली असतो आणि मागच्या फळीपाशी केवळ फेस उरतो. तेथे बुडाला भोक पाडून ट्रान्सड्यूसर आरपार बसवावा लागतो. पाणी कापत संथ चालणाऱ्या नौकेत नाळेपासून पाण्यातील लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरावरील, कण्याजवळची जागा चांगली समजली जाते. नाळेचा फेस तेथे पुरेसा वर राहतो, पंखा दूर असतो आणि नौका लाटांवर उसळली तरी तो भाग पाण्याबाहेर येत नाही. वेगाने पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या नौकांचा पुढचा भाग हवेत जातो. त्यांच्यासाठी मागची, कण्यालगतची जागा घ्यावी लागते.

बूड सपाट क्वचितच असते. उताराच्या बुडावर ट्रान्सड्यूसर तसाच बसवला तर शंकू तिरका पडतो. त्यासाठी उताराच्या कोनात कापलेला ठोकळा मध्ये घालून मुख पाण्याला समांतर आणतात. ठोकळ्याची पुढची कड निमुळती ठेवली नाही तर तोच बुडबुड्यांचा उगम होतो.

कोकण किनाऱ्यावरील लाकडी ट्रॉलरवर धातूची निवडही पाहावी लागते. लाकूड पाणी शोषून फुगते आणि प्लास्टिकच्या देठाला तडा जाण्याचा धोका असतो, म्हणून लाकडी बुडाला कांस्याचे घर वापरतात. उलट ॲल्युमिनियम किंवा पोलादी बुडाला कांस्य थेट टेकवल्यास खाऱ्या पाण्यात विद्युत-रासायनिक झीज होऊन बुडाचा पत्रा खाल्ला जातो. तेथे प्लास्टिक, पोलाद किंवा विलग करणारे अस्तर हवे. भोक पाडण्याचे काम नौका जमिनीवर असतानाच होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागू झाली, की नौका ओढून शाकारल्या जातात आणि रंगकाम व डागडुजीबरोबर हेही काम उरकले जाते. बुडाला लावायचा जाड रंग ट्रान्सड्यूसरच्या मुखावर चढवू नये, असा संकेत आहे. त्या थरात अडकलेली हवा बुडबुड्यांइतकीच त्रासदायक ठरते.

बुडाच्या आतून

एकसंध फायबरच्या बुडातून ध्वनी फारशी घट न होता पार जातो. त्यामुळे ट्रान्सड्यूसर आतल्या बाजूने इपॉक्सीने चिकटवणे किंवा तेलाने भरलेल्या डबीत बसवणे शक्य होते. भोक नाही, शेवाळ नाही, वेगातही फेस नाही. लाकूड, पोलाद, ॲल्युमिनियम आणि मध्ये फेसाचा किंवा बाल्सा लाकडाचा गाभा असलेले फायबर यांतून मात्र ध्वनी नीट जात नाही. चिकटवण्यापूर्वी पिशवीत पाणी भरून ती बुडावर ठेवावी, तीत ट्रान्सड्यूसर धरावा आणि खोली योग्य येते का ते पाहावे, अशी साधी चाचणी करतात. इपॉक्सीत एक बुडबुडा राहिला तरी सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. या पद्धतीत थोडी ऊर्जा बुडातच हरवते आणि पाण्याच्या तापमानाऐवजी बुडाचे तापमान मोजले जाते, म्हणून अचूक सर्वेक्षणासाठी ती सहसा वापरत नाहीत.

बाजूचा दांडा

जलाशयाच्या सर्वेक्षणासाठी स्वतंत्र नौका क्वचितच असते. उपलब्ध होडी किंवा लाँच काही दिवसांसाठी घेतली जाते आणि तिच्या बाजूस उभा दांडा पक्का करून त्याच्या खालच्या टोकास ट्रान्सड्यूसर लावला जातो. दांडा नौकेच्या लांबीच्या मध्याजवळ असणे इष्ट असते. नौका पुढेमागे डोलते तेव्हा तिची दोन्ही टोके सर्वाधिक वरखाली होतात आणि मध्यभाग सर्वांत कमी. मुख बुडाच्या पातळीखाली उतरवतात, म्हणजे बुडालगतचा हवायुक्त प्रवाह त्याच्यावरून निघून जातो. इंजिनाचे थंडाईचे पाणी ज्या बाजूने पडते ती बाजू टाळतात.

दांडा लवचीक असला तर वेग वाढताच तो मागे झुकतो व थरथरतो. त्यासाठी पुढे आणि मागे दोरांचे ताण देतात. हे ताण सकाळी घट्ट असले तरी दुपारपर्यंत सैल होतात, म्हणून ते दिवसातून एकदा तपासणे पुरत नाही. स्थाननिश्चितीचा उपग्रह अँटेना शक्यतो त्याच दांड्याच्या वरच्या टोकावर, ट्रान्सड्यूसरच्या थेट वर लावतात. अँटेना ३ मीटर दूर छपरावर असेल आणि ते अंतर हिशेबात घेतले नाही, तर प्रत्येक खोली नकाशावर ३ मीटर चुकीच्या जागी नोंदली जाते. सपाट तळावर हे खपून जाते. जुन्या नदीपात्राच्या तुटक काठावर ते खपत नाही.

नौका कलली की शंकूही कलतो. २० मीटर खोलीवर १० अंश कललेला अरुंद शंकू सुमारे ३० सेंटीमीटर अधिक खोली दाखवतो आणि तीही सुमारे साडेतीन मीटर बाजूच्या जागेची. चौघे जण यंत्राचा पडदा पाहायला एकाच बाजूला बसले, तर लहान होडीत एवढा कल सहज येतो. पंख्याच्या आकारात अनेक किरण सोडणाऱ्या मल्टिबीम यंत्राला हा दोष अधिक बाधतो. ट्रान्सड्यूसर केवळ १ अंश तिरका बसला आणि त्याची दुरुस्ती केली नाही, तर २० मीटर खोलीवर ६० अंश बाहेरच्या किरणात सुमारे ६० सेंटीमीटरची चूक होते. त्यामुळे मल्टिबीम बसवल्यावर एकाच पट्ट्यावरून उलटसुलट फेऱ्या मारून बसवणुकीचे कोन काढावे लागतात, आणि दांडा एकदा काढून पुन्हा लावला की हे सर्व पुन्हा करावे लागते.

उजनी जलाशय आणि खोलीचा हिशेब

भीमा नदीवरील उजनी धरण माढा तालुक्यात असून ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यात उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी धरला जातो. पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आहे. राज्यातील मोठ्या धरणांमध्ये मृतसाठा उपयुक्त साठ्याहून मोठा असणे हे उजनीचे वैशिष्ट्य आहे.

या दोन पातळ्यांतील अंतर ५.८ मीटर आहे. त्यात ५३.५७ टीएमसी पाणी मावते, म्हणजे सरासरी १० सेंटीमीटरच्या थरात सुमारे ०.९ टीएमसी. जलाशय उथळ आणि पसरट असल्याचा हा परिणाम होय.

विजापूर रस्त्यालगत दक्षिणेकडे वाढलेल्या जुळे सोलापूरसह सोलापूर शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः उजनीवर अवलंबून आहे. एक वाट धरणापासून शहरापर्यंतच्या जलवाहिनीची आहे. दुसऱ्या वाटेने भीमेच्या पात्रात पाणी सोडून ते औज बंधाऱ्यात अडवले जाते आणि टाकळी येथून उपसले जाते. उपयुक्त साठा संपला, की वृत्तपत्रांत 'उजनी उणे' असे आकडे येऊ लागतात. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात काढलेली असते. उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून सुमारे २७ टीएमसी पाणी कमी झालेले. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी त्याही खाली गेली होती. पाणी आणखी उतरले की जलवाहिनीच्या उद्भवापर्यंत ते पोहोचवण्यासाठी दुबार पंपिंग करावे लागते.

मृतसाठ्यात किती पाणी उरले हे कोणी प्रत्यक्ष मोजत नाही. धरणावरील मोजपट्टीवर पातळी वाचतात आणि पातळी व साठा यांच्या कोष्टकातून आकडा घेतात. ते कोष्टक जलाशयाच्या तळाच्या नकाशावरून बनते. गाळ साचत गेला तर त्याच पातळीला प्रत्यक्षात पाणी कमी असते, पण जुने कोष्टक जुनाच आकडा देत राहते. म्हणून जलाशयांची ठरावीक काळाने पुनर्मोजणी केली जाते. महाराष्ट्रात नाशिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, या क्षेत्रात काम करते. केंद्रीय जल आयोग देशभरातील जलाशयांच्या गाळाच्या माहितीचे संकलन प्रसिद्ध करतो. उपग्रहचित्रांवरून पाण्याचा विस्तार मोजूनही गाळाचा अंदाज काढता येतो. मात्र त्या पद्धतीला पाणी ज्या पातळ्यांदरम्यान चढउतार करते तेवढाच पट्टा दिसतो. कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागासाठी नौका आणि सोनार यांना पर्याय नाही.

येथे बसवणुकीतील चुकीचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. लाटेमुळे एक खोली ५ सेंटीमीटर जास्त आणि दुसरी ५ सेंटीमीटर कमी आली, तर हजारो नोंदींच्या सरासरीत दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ४० सेंटीमीटर असताना नोंदवहीत ३० सेंटीमीटर लिहिले गेले, तर मात्र प्रत्येक नोंद १० सेंटीमीटर उथळ येते. नोंदी कितीही वाढवल्या तरी ही चूक कमी होत नाही. संपूर्ण तळ १० सेंटीमीटर वर आल्याचे दिसते आणि मागील सर्वेक्षणाशी तुलना करताना तो गाळ समजला जातो. पूर्ण भरलेल्या उजनीचा विस्तार सुमारे ३३७ चौरस किलोमीटर धरल्यास हा कागदावरचा गाळ १ टीएमसीहून अधिक होतो. उजनीतील गाळ काढण्याचे प्रस्ताव वेळोवेळी चर्चेत येतात, त्यांच्या आकडेमोडीचा पायाही अशाच नोंदींवर असतो.

बुडण्याची खोली किंवा ड्राफ्ट दिवसभर सारखा राहत नाही. सकाळी भरलेली इंधनटाकी दुपारी रिकामी होते आणि माणसे चढतात-उतरतात. वेगात नौका मूळ पातळीपेक्षा काही सेंटीमीटर खाली दबते. उथळ पाण्यात अधिक. म्हणून ड्राफ्ट दिवसाच्या सुरुवातीस आणि शेवटी मोजतात, सर्वेक्षणाचा वेग ठरावीक ठेवतात आणि मोजपट्टीवरील पातळीही त्याच दिवशीची घेतात.

दांडचाचणी

बसवणूक आणि ध्वनीचा वेग या दोन्हींची एकत्र तपासणी करण्याची जुनी पद्धत अजूनही वापरात आहे. धातूची सपाट पट्टी किंवा ताटली खुणा केलेल्या साखळ्यांनी ट्रान्सड्यूसरच्या खाली २, ४, ६ मीटर अशा ज्ञात खोलींवर सोडतात आणि यंत्र काय दाखवते ते पाहतात. फरक सर्व खोलींवर सारखा असेल तर ड्राफ्ट चुकला आहे. फरक खोलीबरोबर वाढत असेल तर ध्वनीचा वेग चुकला आहे. गोड्या पाण्यात तो २० अंश सेल्सियसला सेकंदास सुमारे १,४८२ मीटर आणि ३० अंशांना सुमारे १,५०९ मीटर असतो. या फरकाने २० मीटर खोलीत सुमारे ३६ सेंटीमीटरची तफावत पडू शकते. समुद्रासाठी ठरवलेला वेग यंत्रात तसाच ठेवून जलाशय मोजला तर खोली जास्त येते.

स्थानिक अडथळे

उजनीच्या पाण्याखाली जुनी गावे, वाटा आणि मंदिरे आहेत. पळसदेव येथील प्राचीन मंदिर पाणी ओसरल्यावर उघडे पडते. अशा भागात बुडाखाली उतरवलेला दांडा अवशेषांवर आदळण्याची शक्यता असते, म्हणून तो एका बिजागरीवर फिरवून वर घेता येईल असा बसवतात किंवा धक्का बसताच तुटेल अशी कमकुवत खीळ घालतात. यंत्रापेक्षा खीळ स्वस्त असते. भिगवणच्या बाजूच्या उथळ फुगवट्यात दांड्याची लांबीच अडचण होते. तेथे फळीवरील बसवणूक किंवा बुडात ट्रान्सड्यूसर असलेली दूरनियंत्रित छोटी नौका सोयीची पडते. जलपर्णीचे तंतू दांड्याला गुंडाळले गेले तर मुखासमोर हवा अडकते, आणि मासेमारांची जाळी पसरलेली असतात त्या पट्ट्यांची माहिती स्थानिक मच्छिमारांकडून आधीच घ्यावी लागते.

वारा हा येथील मोठा धोका आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात बुडून सहा जणांचा मृत्यू झाला. एका बाजूस दांडा आणि ताणाचे दोर लावलेल्या लहान होडीचा तोल रिकाम्या होडीपेक्षा आधीच बिघडलेला असतो, त्यामुळे दांड्याच्या विरुद्ध बाजूस वजन ठेवले जाते. सर्वेक्षणाच्या फेऱ्या सकाळच्या शांत पाण्यात पूर्ण केल्या जातात आणि वारा उठताच दांडा वर घेऊन नौका काठाला आणली जाते.